एकच प्लाझ्मा, तीन रोटर

नमुना द्यायला आलेल्या माणसाला ‘उपवास आहे का?’ असं विचारायचं नाही, हे नाशिकमध्ये प्लाझ्मातले (रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणाऱ्या द्रवातले) लिपोप्रोटीन, म्हणजे चरबी वाहून नेणारे कण, वेगळे करण्याचं काम हाती घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात ठरलं. एकादशीला, चतुर्थीला ‘हो, उपवास आहे’ हे उत्तर अगदी खरं असतं. फक्त पोटात साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचं कूट असतं. ‘काल रात्री जेवल्यानंतर पाण्याशिवाय काय काय घेतलं? सकाळचा चहा?’ असं विचारावं लागतं. बारा तास रिकामं पोट नसेल तर प्लाझ्मात कायलोमायक्रॉन, म्हणजे जेवणातली चरबी वाहणारे मोठे कण, उरतात आणि पुढचं सगळं गणित बिघडवतात. शंका आली तर थोडा प्लाझ्मा काचेच्या नळीत ४ अंशांवर रात्रभर न हलवता उभा ठेवायचा. सकाळी वर साय धरलेली दिसली तर कायलोमायक्रॉन आहेत. साय नाही पण खालचा भाग दुधाळ असेल तर व्हीएलडीएल, म्हणजे यकृतातून येणारं अतिहलकं लिपोप्रोटीन, वाढलेलं आहे. रविवारी मिसळ खाऊन आलेल्याची नळी असेल तर दोन्ही दिसतं.

आम्हाला ठरवायचं होतं ते इतकंच: एकाच प्लाझ्मातून लिपोप्रोटीन काढायला आमच्याकडच्या तीन रोटरपैकी (रोटर म्हणजे सेंट्रिफ्यूजमध्ये नळ्या धरून फिरणारा भाग) कुठला, कुठल्या कामाला वापरायचा. नळ्या ठराविक कोनात धरणाऱ्या फिक्स्ड अँगल रोटरमध्ये पायरीपायरीने घनता वाढवत जायचं, स्विंगिंग बकेटमध्ये घनतेचे थर रचून एकदाच फिरवायचं, की निअर व्हर्टिकल रोटरमध्ये तीन तासांत उरकायचं. सात जणांच्या संमतीने घेतलेला, एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी तपासलेला प्लाझ्मा एकत्र केला, तीन वाट्यांत विभागला आणि त्याच आठवड्यात तिन्ही पद्धती लावल्या. प्लाझ्मा गोठवून ‘पुढच्या महिन्यात करू’ हा मोह टाळायचा. गोठवून वितळवलेल्या प्लाझ्मातलं व्हीएलडीएल फुटतं, कायलोमायक्रॉन तर राहतच नाहीत, आणि मग पद्धतीतला फरक आहे की बर्फाने केलेलं नुकसान, हे कळायला मार्ग नाही.

मागचं तत्त्व थोडक्यात. चरबी हलकी, प्रथिन जड. ज्या कणात चरबी जास्त तो हलका. घनता (मिलीला ग्रॅममध्ये) ०.९५ च्या खाली कायलोमायक्रॉन, १.००६ पर्यंत व्हीएलडीएल, १.००६ ते १.०१९ आयडीएल, १.०१९ ते १.०६३ एलडीएल, १.०६३ ते १.२१ एचडीएल. बाहेरच्या द्रवाची घनता कणापेक्षा जास्त ठेवली की कण तळाला जाण्याऐवजी वर तरंगतो. अल्ट्रासेंट्रिफ्यूज फक्त हे तरंगणं लवकर घडवून आणतो. १९४९ च्या सुमारास बर्कलीला जॉन गॉफमन यांच्या गटाने तरंगण्याच्या वेगावरून हे कण मोजायला सुरुवात केली. १९५५ मध्ये हॅवेल, एडर आणि ब्रॅगडन यांनी पायरीपायरीची पद्धत मांडली. आजही तीच मूळ पद्धत मानतात.

रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत घ्यायचं. सिन्नर, निफाड, त्र्यंबककडून येणाऱ्या नमुन्यांच्या डब्यात बर्फ नळीला टेकू द्यायचा नाही. टेकला की लाल पेशी फुटतात, आणि सुटलेलं हिमोग्लोबिन तळाशी गेलं तरी त्यातल्या लोहामुळे एलडीएलचं ऑक्सिडेशन आधीच सुरू झालेलं असतं. मधे कापडाची किंवा थर्माकोलची घडी ठेवावी. रक्त काढल्यापासून दोन तासांत पेशी वेगळ्या व्हायला हव्यात: १,५०० जी (गुरुत्वाच्या १,५०० पट), १५ मिनिटं, ४ अंश. इथे नेहमीचा घोटाळा म्हणजे ‘तीन हजारावर फिरवलं’ एवढीच नोंद करणं. रोटरची त्रिज्या १५ सेंमी असेल तर ३,००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) साधारण १,५०० जी मिळतं; टेबलावरच्या ९ सेंमीच्या यंत्रात त्याच ३,००० ला जेमतेम ९०० जी. सूत्र पाठच असावं: जी म्हणजे ०.००००१११८ गुणिले सेंमीतली त्रिज्या गुणिले आरपीएमचा वर्ग. प्लाझ्मा वेगळा केला की लगेच ईडीटीए १ मिलीमोलरपर्यंत आणि जंतू वाढू नयेत म्हणून सोडियम अझाइड ०.०२ टक्के घालून ठेवतो. अझाइडचं पाणी तांब्याच्या किंवा शिशाच्या पाइपात ओतायचं नाही. तिथे साठणारं धातूचं अझाइड स्फोटक असतं. वेगळ्या कॅनमध्ये जमवायचं.

आता घनता. खरी मेहनत इथे आहे, आणि नवीन माणूस नेमकं हेच घाईने उरकतो. यंत्राचा आकडा सगळे डोळ्यात तेल घालून बघतात, मिठाचं वजन मात्र अंदाजे.

१.००६ चं द्रावण म्हणजे लिटरला ११.४ ग्रॅम सोडियम क्लोराइड आणि ०.१ ग्रॅम ईडीटीए, पीएच ७.४. त्यावरच्या सगळ्या घनता पोटॅशियम ब्रोमाइड घालून मिळवायच्या. किती घालायचं ते असं काढतो: हव्या असलेल्या घनतेतून आत्ताची घनता वजा करा, त्याला मिलीतल्या आकारमानाने गुणा, आणि (१ वजा ०.३१२ गुणिले हवी असलेली घनता) याने भागा. ०.३१२ म्हणजे एक ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड विरघळल्यावर द्रावणात किती मिली जागा व्यापतं तो आकडा. १० मिलीसाठी १.००६ वरून १.०१९ ला ०.१९ ग्रॅम, १.०१९ वरून १.०६३ ला ०.६६ ग्रॅम, १.०६३ वरून १.२१ ला २.३६ ग्रॅम.

यात एक गोष्ट हमखास चुकते. प्लाझ्माचं वजन करून बघितलं तर घनता १.०२५ च्या आसपास येते, आणि मग माणूस सूत्रात ‘आत्ताची घनता’ म्हणून तीच टाकतो. ती प्रथिनांसकटची घनता झाली. लिपोप्रोटीनच्या कणाला भोवती जाणवते ती पाणी आणि क्षार यांची घनता, म्हणजे १.००६. प्रथिनं स्वतःच तळाला निघालेली असतात. १.०२५ धरून हिशेब केला की मीठ कमी पडतं आणि वर यायला हवा तो कण मधेच लटकतो.

पोटॅशियम ब्रोमाइड ओलावा धरतं. जून ते सप्टेंबर इथे बाटली एकदा उघडली की आत ढेकळं होतात, आणि ढेकळातलं पाणीही तराजूवर मीठ म्हणूनच मोजलं जातं. आम्ही ते ११० अंशांवर रात्रभर ओव्हनमध्ये ठेवून, डेसिकेटरमध्ये गार करून मगच वापरतो. विरघळताना ते उष्णता शोषतं, नळी हाताला चक्क गार लागते. त्या गार अवस्थेत खुणेपर्यंत पाणी भरलं तर खोलीच्या तापमानाला आल्यावर आकारमान वाढलेलं असतं. वीस मिनिटं थांबायचं. ढवळायचं तर नळी हळूहळू उलटीसुलटी करून. व्हॉर्टेक्सवर धरायची नाही. फेस आला की त्या फेसात एलडीएलचं प्रथिन बिघडतं.

मे महिन्यात एसी बंद पडला तर काय होतं तेही सांगायला हवं. २० अंशांना पाण्याची घनता ०.९९८२, ३० अंशांना ०.९९५७. फरक ०.००२५. दिसायला किरकोळ, पण आयडीएलची सगळी खिडकीच १.००६ ते १.०१९, म्हणजे ०.०१३ ची आहे. तिचा पाचवा हिस्सा खोलीच्या उकाड्याने खाल्ला. म्हणून प्रत्येक द्रावण २० अंशांच्या पाणीबाथमध्ये ठेवून मगच १० मिली पायकनोमीटरमध्ये (नेमक्या आकारमानाच्या काचेच्या कुपीत) तोलतो. पायकनोमीटर नसेल तर १ मिली पिपेटने दहा वेळा तोलून सरासरी काढली तरी चालतं. पिपेटचं टोक प्रत्येक वेळी बाहेरून पुसायचं.

पहिली पद्धत, पायरीपायरीची. रोटर बेकमनचा ७०.१ टीआय, टायटेनियमचा, १३.५ मिलीच्या बारा नळ्या. ९ मिली प्लाझ्मा खाली, त्यावर १.००६ चं द्रावण अलगद, नळी तोंडापर्यंत भरलेली. ४०,००० आरपीएम, १८ तास, १५ अंश. मधल्या त्रिज्येला हे साधारण १,०९,००० जी भरतं. वर जमलेलं पांढुरकं व्हीएलडीएल काढलं, खालचं मोजून १० मिली केलं, १.०१९ ला आणलं, २० तास. मग १.०६३, २२ तास. मग १.२१, ५०,००० आरपीएमला ४० तास. निव्वळ फिरण्याचे शंभर तास. सोमवारी सकाळी लावलं तर एचडीएल हातात यायला शुक्रवार संध्याकाळ उजाडते, तीही सगळं सुरळीत झालं तर.

नळी तोंडापर्यंत का, तर पातळ भिंतीची नळी अर्धवट भरलेली असेल तर वरचा रिकामा भाग आत चेपतो. उघड्या तोंडाच्या नळीत २-३ मिमीपेक्षा जास्त जागा ठेवायची नाही. सील होणाऱ्या नळीत मानेपाशी हवेचा बुडबुडा राहिला तर तीच अवस्था. आणखी एक: समोरासमोरच्या नळ्यांचं नुसतं वजन सारखं असून भागत नाही. एका बाजूला १.२१ चं द्रावण आणि समोर तेवढ्याच वजनाचं पाणी ठेवलं तर तराजू खूश, रोटर नाराज. दोन्हींचं वस्तुमान नळीत वेगळ्या उंचीवर बसतं. समोरच्या नळीत तीच द्रावणं, त्याच क्रमाने.

फिरवणं झालं की यंत्राचं काम संपतं, आपलं सुरू होतं. वरचा थर काढायचे दोन मार्ग: स्लाइसरने नळीच कापायची किंवा टोक वाकवलेल्या सुईने वरून ओढून घ्यायचं. स्लाइसरचं पातं बोथट असेल तर नळी कापण्याआधी चेपते आणि त्या दाबाने थर ढवळतो. पातं दर दहा-बारा नळ्यांनंतर बदलावं. कापण्याची जागा थराच्या खाली, मधल्या बिनरंगी भागात हवी. थरातच कापलं तर अर्धा माल खाली राहतो आणि तो पुढच्या पायरीत, पुढच्या नावाने वर येतो. आयडीएल जास्त आणि व्हीएलडीएल कमी आलेल्या नळ्यांचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं. सुईने ओढताना सुईचं टोक पृष्ठभागाच्या लगेच खाली, भिंतीला टेकवून, आणि पिस्टन इतका हळू की पृष्ठभागावर खळगा पडता कामा नये. व्हीएलडीएल भिंतीला चिकटतं. वरची भिंत १.००६ च्या अर्ध्या मिलीने धुऊन तेही त्यातच घ्यायचं.

कापल्यानंतर खालच्या भागाचं आकारमान मोजणं ही दुसरी परीक्षा. १० मिली समजून २.३६ ग्रॅम घातलं आणि प्रत्यक्षात द्रव १०.५ मिली होता, तर घनता १.२१ न होता १.२०३ होते. एचडीएलचा सगळ्यात जड भाग तरंगतच नाही. आणि एवढं सांभाळूनही एक गोष्ट सूत्रात बसत नाही: इतक्या वेगाला इतके तास फिरवलं की पोटॅशियम ब्रोमाइड स्वतःच खाली सरकतं. वरचा द्रव ठरवल्यापेक्षा हलका, खालचा जड. प्लाझ्माच्या नळीत हे तोलून कळणार नाही, कारण तळाशी प्रथिनं आहेत. म्हणून प्रत्येक फेरीत एक नळी नुसत्या मिठाच्या द्रावणाची ठेवतो. तिला आम्ही कोरी नळी म्हणतो. तीही त्याच उंचीवर कापायची, खालचा भाग मिसळून तोलायचा आणि पुढच्या पायरीचं ‘आत्ताची घनता’ तिथून घ्यायचं. बारातली एक जागा जाते खरी. पण ती नळी ठेवायला लागल्यापासून आयडीएल आणि एलडीएलमधली सरमिसळ जेलवर (विजेने कण वेगळे करून बघायच्या चाचणीत) नजरेत भरण्याइतकी कमी झाली.

१.२१ च्या फेरीनंतर वर नारिंगी-पिवळा थर दिसतो तो एचडीएल, तळाशी गडद पिवळा जाड थर अल्ब्युमिन आणि इतर प्रथिनांचा. पहिल्याच फेरीतलं एचडीएल शुद्ध समजू नये. ते पुन्हा १.२१ च्या ताज्या द्रावणाखाली घालून आणखी एकदा फिरवावं लागतं, नाहीतर प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या एसडीएस जेलवर २८ किलोडाल्टनच्या एपो ए-वन (एचडीएलचं मुख्य प्रथिन) बरोबर ६६ ची अल्ब्युमिनची पट्टी ठसठशीत येते. पण दर फेरीत जास्त मीठ आणि जास्त जी यांमुळे एचडीएलवरचं थोडं एपो ए-वन आणि एपो ई सुटून तळाला जातं. म्हणजे जितकं धुवाल तितकं स्वच्छ, आणि तितकंच मूळ कणापासून लांब. एचडीएलमधली प्रथिनं मोजायची असतील तर हा हिशेब आधी करून ठेवावा.

दुसरी पद्धत, थर रचण्याची. रोटर एसडब्ल्यू ४१ टीआय, झुलणाऱ्या सहा बादल्या. प्लाझ्मा १.२१ ला आणायचा. ३ मिली प्लाझ्मात मीठ घातलं तर ते ३.३ मिली होतं, म्हणून २.७ मिली प्लाझ्मात ०.८८५ ग्रॅम, विरघळल्यावर जवळजवळ ३ मिली भरतो. तो तळाशी. त्यावर ३ मिली १.०६३, मग ३ मिली १.०१९, मग ३ मिली १.००६. ४०,००० आरपीएम, २४ तास, १५ अंश, हळू वेग वाढवायचा, ब्रेक बंद.

थर चढवणं ही हाताची कला आहे, आणि सांगण्यासारखीही आहे. नळी ४५ अंशांत तिरकी धरायची. पाश्चर पिपेटचं टोक द्रवाच्या पृष्ठभागापासून ३-४ मिमी वर, भिंतीला टेकलेलं. पहिले दहा-बारा थेंब एकेक करून, भिंतीवरून ओघळू द्यायचे. ते पसरून पातळ गादी तयार झाली की मग बारीक सलग धार चालते. घाई पहिल्या थेंबांत केली तर थर फाटतो आणि पुढे कितीही जपलं तरी तो जुळत नाही. उजेडासमोर नळी धरली तर दोन थरांच्या सीमेवर बारीक आरशासारखी रेघ दिसली पाहिजे. रेघ धूसर असेल तर ती नळी फिरवून वेळ घालवू नये. रचून झाल्यावर अर्ध्या तासात यंत्र सुरू व्हायला हवं.

बादल्यांना क्रमांक असतात. प्रत्येक बादली आपल्याच खुंटीवर, टोपणही तिचंच. दोनच नळ्या असल्या तरी सहाही बादल्या लावायच्या. बादली अडकवली की खालून हलकेच उचलून बघायची. नीट बसलेली बादली मोकळी झुलते.

चोवीस तासांनी जे दिसतं ते या तिन्हींत सगळ्यात देखणं. अगदी वर व्हीएलडीएलचा पांढुरका पापुद्रा, त्याखाली स्वच्छ जागा, मग एलडीएलची नारिंगी, काठ रेखीव असलेली पट्टी, मग एचडीएलचा रुंद, कडा विरलेला पिवळा पट्टा, तळाशी प्रथिनांचा तपकिरी साठा. एलडीएलचा रंग त्यातल्या कॅरोटीनॉइडमुळे. एका माणसाचाच नमुना लावला आणि त्याचं लिपोप्रोटीन (ए), म्हणजे एक जादा प्रथिन जोडलेला एलडीएलसारखा कण, वाढलेलं असेल, तर एलडीएल आणि एचडीएलच्या मधे एक फिकट जादा रेघ दिसते, कारण त्याची घनता साधारण १.०५ ते १.१२ मध्ये पडते. पायरीच्या पद्धतीत हेच लिपोप्रोटीन (ए) एलडीएल आणि एचडीएल दोन्हींत वाटलं जातं आणि कुठेच दिसत नाही. तिथे शंभर तास घालवून लपलेली गोष्ट इथे एका दिवसात डोळ्यांना दिसते.

उणं काय? माल कमी. एका नळीत तीन मिलीही प्लाझ्मा मावत नाही, सहा नळ्यांपैकी एक कोरी. आणि काढताना हात हलला तर संपलं. आम्ही वरून ०.५ मिलीचे चोवीस भाग काढतो, कोऱ्या नळीचेही तसेच, आणि कोऱ्या नळीचा प्रत्येक भाग तोलून घनतेचा आलेख करतो. त्या आलेखाशिवाय ‘हा एलडीएल’ असं रंगावरून ठरवणं म्हणजे निव्वळ अंदाज.

पावसाळ्यात वीज जाते हे गृहीत धरूनच वेळापत्रक करावं. जनरेटर चालू व्हायला लागणारे काही सेकंदही यंत्राला पुरतात. फेरी तुटते, आणि निर्वातात रोटर थांबायला बराच वेळ घेतो. पायरीच्या पद्धतीत घाबरायचं कारण नाही. कण वर आलेले असतात, रोटर थांबल्यावर नळ्या न हलवता पुन्हा सुरू करून चार तास वाढवले की काम भागतं. थरांच्या पद्धतीत मात्र ती फेरी टाकून दिलेली बरी, कारण ब्रेक आपोआप लागला असेल तर पट्ट्या पिळवटलेल्या असतात. या एका कारणासाठी जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही थरांची फेरी दिवसा सुरू करतो, म्हणजे निदान थर बसण्याचे पहिले तास तरी डोळ्यांसमोर जातात.

दमट हवेचा दुसरा त्रास निर्वाताचा. थंड चेंबरचं झाकण उघडलं की आत दव धरतं, पुढच्या फेरीत निर्वात खेचताना पंप तासभर धडपडतो आणि वेग वरच जात नाही. फेरी संपल्यावर चेंबर २५ अंशांवर आणून मग झाकण उघडायचं, कोरड्या मऊ कापडाने पुसायचं, झाकणाच्या रबरी कडीवर धूळ नाही ना ते बघायचं. निम्म्या ‘यंत्र बिघडलं’ तक्रारी एवढ्यात मिटतात.

तिसरी पद्धत, निअर व्हर्टिकल. रोटर एनव्हीटी ६५. मीठच नाही. चार भाग प्लाझ्मा, एक भाग ६० टक्के आयोडिक्सॅनॉल (मिठाऐवजी घनता वाढवणारं आयोडीनयुक्त द्रव्य), म्हणजे मिश्रणात १२ टक्के. वर थोडं सलाइन, नळी सील, ६५,००० आरपीएम, ३ तास, १६ अंश, सुरुवात आणि शेवट दोन्ही हळू. घनतेचा उतार फिरतानाच आपोआप तयार होतो.

इतक्या लवकर कसं, याचं उत्तर फक्त वेगात नाही. कणाला किती अंतर कापायचं यात आहे. एसडब्ल्यू ४१ मध्ये नळीच्या वरच्या टोकापासून तळापर्यंत, त्रिज्येच्या दिशेने, ८५.७ मिमी, ७०.१ मध्ये ४१.५ मिमी, एनव्हीटी ६५ मध्ये २५ मिमीच्या आसपास, कारण नळी जवळजवळ उभी आणि कण आडवा जातो. रोटरच्या कागदावर के-फॅक्टर दिलेला असतो, अनुक्रमे १२४, ३६ आणि २१. जितका लहान तितका वेळ कमी. पण तो सर्वाधिक वेगासाठीचा आकडा असतो. कमी वेगाला वेगांच्या गुणोत्तराच्या वर्गाने वाढतो. ७०.१ ला ७०,००० ऐवजी ४०,००० ला फिरवलं तर ३६ चा ११० होतो. कुणी वेगळ्या रोटरवरची वेळ जशीच्या तशी उचलून वापरतो तेव्हा चूक इथेच होते.

आयोडिक्सॅनॉलमध्ये डायलिसिसची (पिशवीत ठेवून मीठ काढण्याची) कटकट नाही, भाग थेट जेलवर घालता येतो. एलडीएलच्या लहान-मोठ्या कणांचा फरक बघायचा तर हीच पद्धत आम्हाला आवडली. मात्र घनतेचा नेहमीचा तक्ता इथे लावायचा नाही. मिठाच्या ओढीने कणातलं पाणी निघत नाही, त्यामुळे सगळे कण तक्त्यापेक्षा हलक्या जागी थांबतात. २८० नॅनोमीटरवर प्रथिन मोजायलाही जाऊ नये, आयोडिक्सॅनॉल स्वतःच तो प्रकाश खातं. आणि एचडीएल हवं असेल तर नको: ते खालच्या प्रथिनांना इतकं लागून बसतं की वेगळं करताना अल्ब्युमिन येतंच.

तिन्हींचा ताळा एकाच कसोटीने केला. सगळ्या भागांतलं कोलेस्टेरॉल आकारमानाने गुणून बेरीज करायची आणि मूळ प्लाझ्मातल्या एकूण कोलेस्टेरॉलशी ताडायची. ९० टक्क्यांच्या खाली गेलं तर माल कुठेतरी सांडला किंवा नळीला चिकटला, १०५ च्या वर गेलं तर आकारमान चुकीचं मोजलं. पायरीच्या पद्धतीत तूट सगळ्यात जास्त, कारण तीन-चार वेळा कापणं आलं. एलडीएल मोठ्या प्रमाणात हवं, पेशींवर किंवा ऑक्सिडेशनच्या प्रयोगाला वापरायचं, तर तरीही आम्ही तीच लावतो, फक्त आयडीएलची पायरी गाळून १.०१९ वरच एकदम नेतो आणि वरचं सगळं बाजूला ठेवतो. कण कसे विभागलेत ते बघायचं असेल तर स्विंगिंग बकेट. एकाच दिवशी आठ जणांचे नमुने तपासायचे तर एनव्हीटी.

मिठातले भाग डायलिसिसला घालताना पिशवी अर्धीच भरायची. १.२१ चं द्रावण पाणी ओढतं, काठोकाठ भरलेली पिशवी रात्रीतून टम्म फुगून गाठीतून सुटते आणि सकाळी सगळं एचडीएल दोन लिटर बफरमध्ये असतं. १२-१४ किलोडाल्टनची पिशवी, ईडीटीए घातलेला पीबीएस (मीठ-फॉस्फेटचा बफर), ४ अंश, अंधारात, तीन वेळा बदलून. एलडीएल नंतर ४ अंशांवर नायट्रोजनखाली ठेवायचं. फ्रीझरमध्ये कधीच नाही. आणि फेरी संपली त्याच दिवशी रोटर डिस्टिल्ड वॉटरने धुऊन पालथा ठेवायचा. टायटेनियमला ब्रोमाइड फारसं खात नाही, पण त्याच बेसिनमध्ये ॲल्युमिनियमचा रोटर असेल तर त्याला खड्डे पडतात, आणि खड्डा पडलेला रोटर ५०,००० ला कधी फुटेल सांगता येत नाही.

शहरातल्या पॅथॉलॉजी लॅबकडून एक विचारणा वारंवार येते: ट्रायग्लिसराइड ४०० च्या (डेसिलिटरला मिलिग्रॅम) वर गेलंय, ट्रायग्लिसराइडवरून एलडीएल काढायचं फ्रिडवाल्डचं सूत्र चालत नाही, एलडीएल किती लिहू? त्याला चार पायऱ्यांची गरज नाही. ५ मिली प्लाझ्मा, १.००६, ७०.१ रोटर, १८ तास, एकच फेरी. वरचा थर कापून टाकायचा, खालचा भाग सलाइनने मोजून पुन्हा ५ मिली करायचा. त्यातलं कोलेस्टेरॉल मोजायचं. मग त्याच्याच थोड्या भागातलं एलडीएल हेपॅरिन-मँगनीजने खाली बसवून उरलेलं एचडीएल मोजायचं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की एलडीएल. एकूण कोलेस्टेरॉलमधून खालचं वजा केलं की व्हीएलडीएल. वरचा थर गोळा करण्याचीही गरज नाही, त्यामुळे चिकटून वाया जाण्याची भीती नाही. लॅबचा आकडा सीरमचा असेल तर ईडीटीए प्लाझ्मात कोलेस्टेरॉल साधारण ३ ते ५ टक्के कमी येतं, हे धरून ताडायचं. आणि व्हीएलडीएल कोलेस्टेरॉलला एकूण ट्रायग्लिसराइडने भागून ०.३ च्या वर येत असेल, तर व्हीएलडीएल नेहमीच्या घडणीचं नसल्याची शंका घेऊन रिपोर्ट पाठवण्याआधी टाकून दिलेला तो वरचा थर कचऱ्यातून परत काढून ॲगरोज जेलवर चढवायचा. म्हणून तो त्या दिवशी टाकायचाच नाही.